बिब्बासुद्धा नैसर्गिकच असतो

पत्राचा सारांश : पुण्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे, खाली सही ‘बर्फीची आई’. बर्फी म्हणजे साडेतीन वर्षांची पिवळी लॅब्रेडॉर, वजन ३१ किलो. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून ती पुढचे पंजे चाटते, कान खाजवते, काखेत आणि पोटाखाली लाल चट्टे उठतात. दिवाळीनंतर जरा शांत होते, उन्हाळ्यात जवळपास ठीक असते आणि पाऊस लागला की पुन्हा तेच. डॉक्टर इंजेक्शन देतात, तीन आठवडे बरे जातात. असं चार वेळा झालं. दर इंजेक्शननंतर ती भांडंभर पाणी पिते, घरात शू करते, कचऱ्याचा डबा उपसते. शेवटी ‘स्टिरॉइड आता बास’ म्हणून बाईंनी सगळं नैसर्गिक सुरू केलं. रोज कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ, खोबरेलात कापूर घालून मालिश, जेवणात चमचाभर हळद आणि चिकन बंद. दीड महिना झाला, फरक ‘आहेही आणि नाहीही’. नवरा म्हणतो, इंजेक्शन दे आणि मोकळी हो. सासूबाई म्हणतात, कुत्रं पलंगावर घेतल्यावर दुसरं काय होणार! पत्राच्या शेवटी विचारलंय, ‘पूर्णपणे नैसर्गिक उपायांनी तिची अ‍ॅलर्जी कायमची जाईल ना? की मीच तिचे हाल करतेय?’

बर्फीच्या आई,

रात्री दोनला अंधारात सुरू होणारा तो ‘चप चप चप’ आवाज तुम्ही लिहिलाय. ‘बर्फी!’ म्हणून ओरडलं की तो थांबतो आणि आपण कूस बदलली की पुन्हा सुरू होतो, हेही लिहिलंय. खाजणारं कुत्रं घरात असलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आवाज आहे हा. माझ्या काळूच्या पंजांच्या त्या आवाजावर मी अकरा वर्षं झोपले, जनावरांची डॉक्टर असूनही. म्हणून आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तिचे हाल तुम्ही करत नाही आहात. पण दीड महिन्यात तिला धड आराम पडला नसेल, तर तिचे हाल होतायत. त्याकडे मात्र आज बघायला हवं.

आता मुख्य प्रश्न. त्यात तीन शब्द आहेत, ‘पूर्णपणे’, ‘नैसर्गिक’ आणि ‘कायमची’, आणि मला तिन्हींशी थोडं भांडायचंय.

‘कायमची’पासून सुरू करू. खरी अ‍ॅलर्जी, म्हणजे आम्ही ज्याला अ‍ॅटोपी म्हणतो ती, हा जन्मजात कल असतो. बहुतेक कुत्र्यांत ती सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. लॅब्रेडॉर, गोल्डन, पग, शिह त्झू, जर्मन शेफर्ड यांच्यात जास्त दिसते, पण आपल्या गावठी कुत्र्यांनाही होते. माणसाला परागकणांनी शिंका येतात, कुत्र्याला त्याच परागकणांनी पायाला खाज सुटते, कारण त्याच्यात हे पदार्थ मुख्यतः त्वचेतून आत शिरतात आणि ते बिचारं अनवाणीच फिरतं. हा कल काढून टाकणारं औषध ना माझ्याकडे आहे, ना वैद्यांकडे. मधुमेहासारखं ते सांभाळायचं असतं. सांभाळलं तर बर्फी मजेत बारा-तेरा वर्षं काढेल. ‘मुळापासून बरं करतो’ असं कुणी सांगितलं तर पाकीट खिशात ठेवून नमस्कार करा.

‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दल एवढंच म्हणते, तुमच्या आजीला बिब्बा उतला होता का ते विचारा. डिंकाच्या लाडवातली गोडंबी ज्या फळाची, त्याच फळाचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. बिब्ब्यापेक्षा नैसर्गिक काय असणार? आणि खरं सांगायचं तर बर्फीला ज्या कशाची अ‍ॅलर्जी असेल, धुळीतले किडे, गवताचे पराग, बुरशी किंवा पिसवेची लाळ, ते सगळं शंभर टक्के नैसर्गिकच आहे. त्यामुळे एखादा उपाय झाडाचा आहे की कारखान्यातला, हे विचारून हाती फार काही लागत नाही. तो किती प्रमाणात द्यायचा, त्याने काय होतं आणि कुत्र्याने तो चाटला तर काय होईल, हे विचारायचं. हा शेवटचा प्रश्न माणसांच्या औषधात येत नाही, म्हणून आपण तो विसरतो. कुत्र्याला जे लावाल ते अर्ध्या तासात त्याच्या पोटात असतं.

म्हणूनच कापूर आज, हे वाचून झाल्या झाल्या, बंद करा. भीमसेनी असला तरी. कापूर त्वचेतून शोषला जातो, चाटून पोटातही जातो आणि पुरेशा प्रमाणात गेला तर कुत्र्याला झटके येऊ शकतात. लावल्यावर गार वाटतं, म्हणून ती दहा मिनिटं शांत बसते आणि आपल्याला वाटतं गुण आला. टी ट्री ऑइलचीही हीच गत. इंटरनेटवर ते कुत्र्यांसाठी सर्रास सुचवतात, पण शुद्ध तेलाचे काही थेंब लावून कुत्री लडखडायला लागलेली, थरथरणारी पाहिली आहेत. गोचीड-पिसवांसाठी लसूण चारायचा सल्लाही तुमच्यापर्यंत कधी ना कधी येईलच. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. नको.

हे लिहिताना मला नोकरीची सुरुवातीची वर्षं आठवली. तालुक्याच्या दवाखान्यात शेतकरी लूत भरलेलं कुत्रं आणायचे, अंगभर गाडीचं जळकं ऑइल चोपडलेलं. प्रेमापोटीच. ‘किडा मरतो त्याने’ म्हणायचे. काही वेळा किडा मरायचा, काही वेळा कुत्रं. तुमचं कापूरतेल आणि ते ऑइल यांत प्रेमाच्या बाबतीत काही फरक नाही.

कडुनिंबाचं काय? कडुनिंबात गुण आहेत, कीटकांवर त्याचा परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. पण बादलीत उकळलेल्या दोन मुठी पाल्यात किती उतरतं, याचा काही हिशेब नाही. तुमच्या त्या आंघोळीत जे काम होतंय ते बहुधा पाणी करतंय. आणि एक घोटाळाही होतोय. रोज भिजवायचं आणि पावसाळ्यात बोटांच्या फटी कोरड्या होत नाहीत म्हणजे बुरशीला आयतंच रान. शुद्ध कडुनिंब तेल मात्र थेट लावू नका, लाल झालेल्या त्वचेला झोंबतं, आणि पोटात जाऊ देऊ नका. हळद जेवणात चिमूटभर घातली तर अपाय नाही, उपायही फारसा नाही, कारण तिच्यातलं कुर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. चमचाभर म्हणजे उगाच पोट बिघडवणं. साधं खोबरेल कोरड्या कोपरांवर, नाकाच्या शेंड्यावर जरूर लावा. पण काखेत, पंजात, ओलसर आणि वास येणाऱ्या जागी तेल नको, तिथे त्याने यीस्टचं, म्हणजे त्वचेवरच्या एका बुरशीचं, फावतं. कोरफड लावायचीच असेल तर आतला पांढरा गर घ्या. सालीलगतचा पिवळा चीक रेचक आहे, तो चाटला तर रात्री दोनला वेगळ्याच कारणाने उठावं लागेल.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुमच्या चार पानी पत्रात ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द सतरा वेळा आहे, पण ती अ‍ॅलर्जीच आहे हे कुणी तपासून सांगितल्याचं कुठेच नाही. खाज हे लक्षण आहे. ती पिसवांनी होते, लुतेच्या किड्यांनी होते, बुरशीने, जंतूंनी होते. यातलं काहीही असलं तरी स्टिरॉइडने पहिले तीन आठवडे बरंच वाटतं.

आज रात्री करायचं एक काम सांगते. घरात उवांची बारीक दातांची फणी असेल, नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. बर्फीला पांढऱ्या चादरीवर उभं करा आणि शेपटीच्या मुळापासून कमरेपर्यंत फणी फिरवा, केसांच्या मुळाशी टेकवून. फणीत जे येईल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. काळे कण असतील तर मिनिटभर थांबा. कणांभोवती लालसर-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे तिचंच पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर काळीच राहील. ‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ असं सांगणाऱ्या कितीतरी घरांत मी हे करून दाखवलंय आणि नंतर चहाही प्यायलेय. पिसवांची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्याला एक-दोन चावे पुरतात. पिसू दिसेलच असं नाही, कारण खाजऱ्या कुत्र्याने ती चाटून खाल्लेली असते. शिवाय अंगावर असतात त्या एकूण पिसवांच्या जेमतेम ५ टक्के. बाकीची अंडी, अळ्या, कोश तुमच्या गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, तिच्या गादीखाली. म्हणून एक आंघोळ घालून काही होत नाही. निदान तीन महिने औषध न चुकता आणि घराची झाडलोट, दोन्ही चालवावं लागतं. इथे मी सरळ सांगते, कारखान्यातली गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वापरा, डॉक्टरांना वजन सांगून. तिला पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही सांगा, कारण काही गोळ्या तेव्हा टाळतात. कुत्र्याचं हे औषध शेजारच्या मांजराला लावायचं नाही, काही औषधांनी मांजर दगावतं.

बर्फीचं दुखणं कमरेपेक्षा पंजे, काखा, कान, पोट इथे जास्त आहे, म्हणजे पिसवा हे तिचं एकमेव कारण नसावं. पण भर घालणारं असू शकतं. ही ‘भर’ समजावून घ्या, मग सगळं सोपं होतं. तुम्ही पुण्याच्या, तेव्हा खडकवासल्याचं उदाहरण देते. पानशेत, वरसगाव, टेमघर यांचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथली पातळी काठाला लागली की मुठेत विसर्ग सोडतात, मग भिडे पूल पाण्याखाली. बर्फीची खाज म्हणजे भिडे पूल. वरून किती धरणांचं पाणी येतंय ते आपल्याला दिसत नाही. धुळीतल्या किड्यांचं थोडं, परागांचं थोडं, पंजातल्या यीस्टचं थोडं, दोन पिसवांचं थोडं. सगळं एकत्र आलं की पूल बुडतो. पाऊस आपण थांबवू शकत नाही. पण एक-दोन धरणांचं पाणी अडवलं तरी पूल वाहतुकीला खुला होतो. ‘पूर्णपणे’ या शब्दाशी माझं भांडण इथे आहे. एकाच बाटलीने सगळं पाणी अडणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

दुसरं काम दवाखान्यात. डॉक्टरांना म्हणा, ‘त्वचेचा नमुना मायक्रोस्कोपखाली बघाल का?’ पारदर्शक चिकटपट्टी लाल जागेवर दाबून, रंग देऊन बघितली की यीस्ट आणि जंतू दिसतात, आणि त्वचा हलकी खरवडून लुतेचे किडे शोधतात. दोन्ही मिळून अर्धा तासही लागत नाही. तुम्ही लिहिलंय की तिच्या पंजाला ‘जुन्या चिप्सच्या पाकिटासारखा’ वास येतो आणि बोटांमधले केस विटकरी झालेत. विटकरी रंग लाळेचा आहे, सतत चाटल्याचा. तो वास मात्र मला यीस्टकडे बोट दाखवणारा वाटतो. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत हे फार होतं. ते असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. नाहीतर अ‍ॅलर्जीवर काहीही करा, खाज हटणार नाही.

कान आतून तपासल्याशिवाय त्यात काही घालू नका. तेल नाही, लिंबू नाही, इअरबडही नाही. पडदा फाटलेला असेल तर साधं वाटणारं औषधही महागात पडतं.

आणि चिकन. बर्फीने चिकन बारा महिने खाल्लं, पण खाज फक्त पावसाळ्यात ते दिवाळीपर्यंत. अन्नाची अ‍ॅलर्जी ऋतू बघत नाही. मला तरी कोंबडी निर्दोष वाटते. तरीही लोक सगळ्यात आधी तीच बंद करतात, कारण तेवढंच आपल्या हातात असतं. अन्नाची अ‍ॅलर्जी कुत्र्यांत असते, नाही असं नाही, आणि बहुतेक वेळा ती प्रथिनांची असते. बीफ, दूध-दुभतं, चिकन, गहू ही त्यातली नेहमीची नावं. पण नुसतं चिकन बंद करून गव्हाची पोळी आणि दही चालू ठेवलं तर काही सिद्ध होत नाही. बाहेर रक्त, लाळ, केस पाठवून ‘फूड अ‍ॅलर्जी टेस्ट’ करून देतात, त्यावर पैसे घालवू नका, त्या चाचण्या भरवशाच्या नाहीत.

ज्या वाचकांच्या कुत्र्याला वर्षभर सारखीच खाज आहे, सोबत पोटही वरचेवर बिघडतं, त्यांनी मात्र हा प्रयोग नीट करावा. नीट म्हणजे आठ आठवडे फक्त असं प्रथिन आणि असा पिष्टपदार्थ, जे त्या कुत्र्याने जन्मात खाल्लेलं नाही. कधीच मटण मिळालं नसेल तर बिनहाडांचं उकडलेलं मटण आणि रताळं किंवा लाल भोपळा, कांदा-लसूण-मसाल्याशिवाय. घरात मटण शिजत नसेल तर डॉक्टरांकडून हायड्रोलाइज्ड (अगदी बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनाचं तयार खाणं मिळतं, महाग आहे, पण चोख. धडधाकट मोठ्या कुत्र्याला घरचा हा आहार आठ आठवडे चालतो, पिल्लाला नाही, आणि कायमचाही नाही. या काळात चिकनच्या चवीची टूथपेस्ट, चघळायच्या काड्या, फ्लेवरवाल्या गोळ्या सगळं बंद. आणि वॉचमनकाका! माझ्याकडच्या एका घराने सहा आठवडे जिवाचं रान केलं, काडीचा फरक नाही. सातव्या आठवड्यात कळलं, खालचे काका रोज सकाळी दोन ग्लुकोज बिस्किटं देत होते, ‘बिचारा उपाशी दिसतो’ म्हणून. शेवटी, फरक पडला तर जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं. दोन आठवड्यांत खाज परतली तरच ते सिद्ध झालं. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि कुत्रं बिचारं विनाकारण आयुष्यभर पथ्यावर राहतं.

मग बर्फीसाठी घरात करण्यासारखं काय आहे? भरपूर आहे. फक्त त्यात बाटल्या कमी आणि हात जास्त लागतात.

पहिली आंघोळ. रोज नको, आठवड्यातून एकदा, पण पद्धतशीर. पाणी कोमट, गरम पाण्याने खाज वाढते. आपला साबण, आपला शाम्पू, डेटॉल नको. कुत्र्याची त्वचा आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिची आम्लताही वेगळी. नमुन्यात यीस्ट किंवा जंतू निघाले तर डॉक्टर क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा शाम्पू देतील. नाही निघाले तर ओट्सचा. शाम्पूची सुरुवात पाठीवरून करू नका. आधी पंजे, मग काखा, मग पोट, शेवटी पाठ, म्हणजे दुखऱ्या जागी औषध सर्वांत जास्त वेळ राहतं. मग घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. या दहा मिनिटांत सगळे हरतात, बहुतेक घरांत शाम्पू दोन मिनिटांत धुतला जातो आणि ‘गुण नाही’ म्हणून बाटली बदलली जाते. मी बाथरूममध्ये पाटावर बसायचे आणि काळूला काकडीच्या चकत्या एकेक करून भरवायचे. एक काकडी म्हणजे बरोबर दहा मिनिटं. नंतर भरपूर पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा, रगडू नका, आणि जुन्या सुती कपड्याने प्रत्येक बोटाची फट कोरडी करा. ही शेवटची तीन मिनिटं पावसाळ्यात आख्ख्या आंघोळीइतकी मोलाची.

दुसरं, फिरून आल्यावर चारही पाय आणि पोट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. तुमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटचं वर्णन वाचलं. कमरेइतकं गाजर गवत. हे काँग्रेस गवत भारतात १९५५ साली नजरेत भरलं तेच मुळी पुण्यात, आणि त्याने माणसांच्या अंगावर काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. फुलोऱ्यातल्या गाजर गवतातून पोट घासत जाणारी लॅब्रेडॉर कशाला हवी? दुसऱ्या रस्त्याने न्या. घरात फिनाईलने फरशी पुसत असाल तर पाणी वाळेपर्यंत तिला त्यावर चालू देऊ नका, किंवा साध्या पाण्याने पुन्हा पुसा.

इथे सासूबाईंना अर्धं श्रेय द्यावं लागेल. पलंगावर झोपल्याने अ‍ॅलर्जी होत नाही आणि अ‍ॅलर्जी माणसाला लागतही नाही. (घरात आणखी कुणाला खाज सुटली असेल तर मात्र लगेच सांगा, कारण लुतेचा एक प्रकार आणि नायटा माणसाला लागतो.) पण धुळीतले सूक्ष्म किडे राहतात गादीतच, आणि दमट हवेत फोफावतात. म्हणून तिची चादर दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, साधारण ६० अंशांवर धुवा, आणि ऊन पडलं की गादी गच्चीवर. उघडीप मिळाली की गाद्या उन्हात टाकायची आपली जुनी सवय होती, ती तेवढी परत आणा.

तिसरं, माशाचं तेल. नैसर्गिक म्हणावं आणि ज्याच्या मागे उभं राहावं असं काही मला विचाराल तर हे. त्यातल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ आम्लांनी त्वचेचा दाह कमी होतो आणि पुष्कळ कुत्र्यांत औषधाचा डोस उतरवता येतो. पण दोन-तीन महिने लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका. कॅप्सूलवर ‘१००० मिग्रॅ’ ठळक लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरांत बघा, ईपीए-डीएचए मिळून बऱ्याचदा ३०० मिग्रॅच असतं. डोस त्या आकड्यावर, ३१ किलोच्या हिशेबाने डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि हळूहळू वाढवा, नाहीतर जुलाब होतील. कॉड लिव्हर ऑइल हा पर्याय नव्हे, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त असतं आणि ते साठतं. शाकाहारी घरांतून जवसाबद्दल विचारतात. जवस चांगलंच आहे, पण त्यातल्या ओमेगा-३ चं ईपीए-डीएचएत रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फार कमी होतं.

आता नवरोबांचं इंजेक्शन. तुमचा राग मला पटतो. चार-चार आठवडे अंगात राहणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा देणं मलाही आवडत नाही, कारण एकदा टोचलं की ते परत काढता येत नाही. तहान, शू, भूक हे सगळं त्याचंच. (शेवटच्या इंजेक्शनला दोन महिने होऊनही ती तशीच पाणी पीत असेल तर रक्त-लघवी तपासून घ्या.) पण त्या रागापोटी सगळीच औषधं खिडकीबाहेर टाकू नका. डॉक्टरांना शांतपणे विचारा, इंजेक्शनमध्ये नेमकं काय होतं, आणि ते फाइलवर लिहून घ्या. मग विचारा की दीर्घकाळ अंगात राहणाऱ्या इंजेक्शनऐवजी थोड्या दिवसांची, उतरत्या डोसाची गोळी देता येईल का, किंवा ओक्लासिटिनिब, सायक्लोस्पोरिन या स्टिरॉइड नसलेल्या औषधांपैकी काही बर्फीला चालेल का. यांचेही दुष्परिणाम आहेत, ते तेच समजावतील. गोळी सुरू झाली तर मनाने मध्येच बंद करायची नाही. आणि घरातली सर्दीची गोळी ‘अ‍ॅलर्जीचीच आहे’ म्हणून तिला देऊ नका. साध्या सेटिरिझिनचा कुत्र्यांना उपयोग तसाही बेताचाच, पण सर्दीच्या मिश्र गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

खाज आणि खाजवणं यांचं चक्र एकदा तोडावं लागतं. चाटल्याने त्वचा फाटते, फाटल्यावर जंतू शिरतात, जंतूंनी खाज वाढते. ते चक्र औषधाने तोडून, आंघोळ-तेल-पुसण्याने तुटलेलं राखलं, तर औषध पावसाळ्यातल्या थोड्या आठवड्यांपुरतं उरतं. काही मोठ्या ठिकाणी याहून वेगळा उपचार मिळतो. ज्याची अ‍ॅलर्जी, तोच पदार्थ थेंबाथेंबाने वाढवत टोचायचा. गुण यायला काही महिने, कधी वर्ष लागतं आणि सगळ्यांना येत नाही. पण तुमच्या व्याख्येने बघायला गेलं तर यापेक्षा नैसर्गिक उपचार नाही, आणि तो येतो इंजेक्शनातूनच!

पुढचे काही प्रसंग असे की घरी काहीही करत बसायचं नाही. तोंड किंवा डोळे सुजले, अंगावर गांधी उठून उलट्या झाल्या, श्वासाला त्रास झाला, तर रात्र असली तरी निघायचं. एका रात्रीत तळहाताएवढी ओली, चिकट जखम झाली, कानाच्या दुखण्याने मान एका बाजूला कलली, चट्ट्यांतून पू आला किंवा ती जेवेनाशी झाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आणि एक सवय लावून घ्या. कालनिर्णय भिंतीवर असेलच. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात खाजेला शून्य ते दहापैकी गुण लिहा. शून्य म्हणजे निवांत झोपली, दहा म्हणजे जेवण सोडून चाटत बसली. घरातल्या एकानेच लिहायचं. नवीन काही सुरू केलंत तर त्याच चौकोनात टीप, आणि एका वेळी एकच बदल. तुमची बर्फी दिवाळीनंतर आपोआप शांत होते, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे नोव्हेंबरात जी बाटली हातात असेल, तिला श्रेय मिळणार. काळूच्या वेळी मी स्वतः एका तेलाची वर्षभर तारीफ करत हिंडले होते. पुढच्या जुलैत कालनिर्णयाची जुनी पानं काढली तेव्हा लक्षात आलं की खाज उतरायला लागली होती ऑक्टोबरच्या शेवटी, आणि तेल मी आणलं होतं दहा दिवसांनी.

तर आधी फणी. टिश्यू ओला करायला विसरू नका, कोरड्यावर काही कळत नाही.